पहिला घास सगळ्यांचा: वेगवेगळी पथ्यं असलेल्या कुटुंबासाठी स्टार्टर कसं निवडावं

काही वर्षांपूर्वी सणाच्या जेवणाला आमच्याकडे चौदा माणसं होती. सुरुवातीला मी भाज्यांचं सूप केलं होतं. वहिनीला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन तिला अजिबात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून सूपात मैदा घातला नव्हता. चवीला फक्त स्टॉक क्यूब, म्हणजे बाजारात मिळणारी सूपाच्या चवीची तयार वडी, घातली होती. वाडगा समोर ठेवला तेव्हा तिनं हळूच विचारलं, "स्टॉक क्यूब कुठली घातलीस गं? पाकीट आहे का?" पाकीट कचऱ्यात गेलं होतं. मी ते शोधून काढलं, त्यावरचा चहाचा चोथा पुसला आणि वाचलं. तिसऱ्या ओळीत गव्हाचं पीठ होतं. वहिनी काही बोलली नाही. तिनं पर्समधून छोटा डबा काढला, आणि आम्ही तेरा जण सूप पीत असताना ती डब्यातल्या काकडीच्या फोडी खात बसली.

तेव्हापासून मी स्टार्टरचा विचार वेगळ्या पद्धतीनं करते. मुख्य जेवणात चार-पाच प्रकार असतातच, ज्याला जे चालतं ते तो वाढून घेतो आणि कोणी काय टाळलं हे फारसं लक्षातही येत नाही. स्टार्टरचं तसं नसतं. सगळे एकदम बसलेले असतात, समोर एकच पदार्थ असतो आणि ज्याला तो चालत नाही त्याचं पान रिकामं दिसतं. म्हणून माझा आग्रह असा आहे की स्टार्टर एकच असावं, एकाच भांड्यातलं असावं आणि ते टेबलावरच्या प्रत्येकाला चालावं. ज्याच्या त्याच्या आवडीनिवडी वरून घालायच्या वाट्यांमध्ये ठेवाव्यात. पहिल्यांदाच असं जेवण घालणाऱ्यांसाठी ते कसं जमवायचं, ते क्रमानं सांगते.

पायरी 1: आठवडाभर आधी फोन करा

ग्रुपवर "कोणाला काय चालत नाही?" असा मेसेज टाकून भागत नाही. भिडस्त माणसं तिथं "मला काहीही चालेल" असंच लिहितात. एकेकाला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. काय अजिबात नको? ते चुकून कणभर पोटात गेलं तर काय होतं? आणि तुझ्या घरी पाहुणे आले की तू स्वतः काय करतेस? या तिसऱ्या प्रश्नातून मला सगळ्यात जास्त कल्पना मिळाल्या आहेत, कारण जे लोक रोज पथ्य सांभाळतात त्यांना चविष्ट वाटा माहीत असतात.

उत्तरं कागदावर लिहा आणि त्यांचे गट पाडा. पहिला गट "कणभरही नको" असा. यात ॲलर्जी असलेले आणि सीलिॲक असलेले येतात. दुसरा गट नियमाचा: शाकाहारी, व्हीगन (म्हणजे दुधासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारे), श्रद्धेमुळे काही वर्ज्य असलेले. तिसरा गट "बेतानं" वाला: मधुमेह, रक्तदाब, दुधातली साखर न पचणारे. चौथा आवडीनिवडीचा. बेत ठरवताना कागद वरून खाली वाचायचा. पहिल्या दोन गटांसाठी तडजोड नाही, तिसऱ्यासाठी प्रमाण सांभाळायचं, आणि चौथ्यासाठी जमेल तेवढं.

फोनवर नवख्या माणसाची गल्लत होते अशा काही जागा आहेत. "दूध चालत नाही" याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. लॅक्टोज न पचणं म्हणजे दुधातली साखर न पचणं. अशा माणसाला पोटाचा त्रास होतो, पण थोडं दही किंवा जुनं मुरलेलं चीज अनेकदा सोसतं. दुधाची ॲलर्जी मात्र दुधातल्या प्रथिनांची असते आणि तिथं चमचाभर लोणीही धोक्याचं ठरू शकतं. तसंच "नट्स नकोत" म्हणणाऱ्याला नीट विचारा. शेंगदाणा हा वनस्पतीच्या दृष्टीनं कडधान्यांचा भाऊ, तर बदाम, काजू, अक्रोड झाडावरचे. कोणाला एक चालतं, कोणाला दुसरं, कोणाला दोन्ही नाही. शाकाहारी म्हणवणाऱ्यांत काहींना अंडं चालतं, काहींना नाही. व्हीगन माणूस मधही खात नाही.

वय आणि तब्येतही विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत. लहान मुलांना अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षं घशात अडकू शकतात. गरोदर बाईनं कच्चं अंडं आणि कच्चे मोड टाळलेले बरे. दात नसलेल्या आजींना कुरकुरीत पदार्थ म्हणजे शिक्षाच. आणि सॅलडमध्ये ग्रेपफ्रूट घालायचा विचार असेल तर सोडून द्या; कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं प्रमाण त्यामुळे रक्तात वाढतं, आणि सणाच्या टेबलावर अशा गोळ्या घेणारं कोणीतरी असतंच.

पायरी 2: काय वगळायचं ते ठरवा, मग उरलेल्याकडे बघा

आता एक चाळणी लावा. गहू, दूध, अंडी, दाणे आणि सुकामेवा, तीळ, मांस, मासे. तुमच्या पाहुण्यांच्या यादीत यातलं जे जे असेल ते मूळ पदार्थातून बाजूला काढा. पहिल्यांदा ही यादी बघून छातीत धस्स होतं. पण उरतं काय ते मोजा: सगळ्या भाज्या, सगळी फळं, डाळी, काबुली चणे, राजमा, तांदूळ, मका, बटाटे, तेल, लिंबू, आलं, मिरी, कोथिंबीर, पुदिना. एवढ्यात जेवणाची सुरुवात उत्तम होते.

इथं माझं एक ठाम मत आहे. पर्यायी पदार्थांच्या मागे लागू नका. ग्लुटेन नसलेल्या पिठाची पेस्ट्री, दूध नसलेलं चीज, अंड्याऐवजीची पावडर, हे सगळं मिळतं, पण पहिल्याच वेळी चौदा माणसांसाठी त्यावर विसंबणं जोखमीचं आहे. एक अडचण सोडवताना दुसरी आत येते. दूध नसलेलं चीज बऱ्याचदा काजूचं असतं. ग्लुटेन नसलेल्या पिठात बदामाची पूड असू शकते. त्यापेक्षा ज्या पदार्थाला गहू, दूध, अंडं मुळातच लागत नाही तो निवडावा. मग त्यात कसली उणीव राहत नाही आणि कोणाला "हे पथ्याचं आहे" असं वाटतही नाही.

पायरी 3: पदार्थ निवडा

निवडताना मुख्य जेवण डोळ्यांसमोर ठेवा. ते जड, तेलकट असेल तर स्टार्टर हलकं आणि थोडं आंबट हवं. ओव्हन आणि शेगड्या शेवटच्या तासात अडकलेल्या असतील तर आदल्या दिवशी होणारा पदार्थ हवा. पाहुणे बसून जेवणार की उभ्यानं गप्पा मारत, यावर वाडगा की हातात धरायचा तुकडा हे ठरतं.

नवख्यांना मी तीन पर्याय सुचवते. घट्ट भाज्यांचं सूप, भाजलेल्या भाज्यांसोबत काबुली चण्यांचं डिप, किंवा फळं आणि काकडीचं थंड सॅलड. तिसरं सगळ्यात सोपं, पण वाढण्याआधी अर्ध्या तासात चिरावं लागतं, आणि नेमकी ती अर्धी घटका यजमानाकडे नसते. दुसरं उभ्यानं खाणाऱ्यांसाठी छान. डिपमध्ये तिळाची पेस्ट घालायची सवय असेल तर ती वगळा आणि तेल, लिंबू आणि भाजलेला लसूण घाला. तिळाची ॲलर्जी वाटते त्यापेक्षा जास्त लोकांना असते. पण माझी पसंती सूपाला आहे. ते आदल्या दिवशी होतं, दात नसलेल्यांना आणि लहानांना सारखंच जातं, आणि मुख्य म्हणजे एकाच भांड्यातून सगळ्यांना वाढता येतं.

तळलेले पदार्थ आणि आत सारण भरलेले छोटे घास पहिल्या वेळी टाळा. एकाच तेलात पावाचा चुरा लावलेलं काही तळलं की ते तेल सीलिॲक असलेल्यासाठी संपलं. आणि सारणात काय आहे हे खाणाऱ्याला बघून कळत नाही. पथ्य असलेला माणूस न दिसणाऱ्या गोष्टीला घाबरतो, आणि ते बरोबरच आहे.

मांसाहारी मंडळींसाठी स्टार्टरमध्ये काही हवंच का, असं विचारलं जातं. मला विचाराल तर नको. त्यांना पुढच्या जेवणात हवं ते मिळणार आहे आणि सूप त्यांनाही चालतंच. एका पदार्थापुरतं सगळं घर एकाच वाटेनं गेलं तर स्वयंपाकघरातलं अर्धं ओझं कमी होतं.

पायरी 4: दहा जणांचं सूप, नेमकं कसं

स्टार्टर म्हणून माणशी 200 मिलीलिटर पुरतं. दहा जणांसाठी दोन लिटर, आणि वर थोडं राखून.

सालासकट दीड किलो लाल भोपळा घ्या. बिया काढा, मोठ्या फोडी करा. दोन मोठे कांदे चौकोनी चिरा. फोडींना आणि कांद्याला दोन-तीन चमचे तेल आणि मिरी चोळून 200 अंश सेल्सियसला तापलेल्या ओव्हनमध्ये 35 ते 40 मिनिटं भाजा. फोडींच्या कडा तपकिरी व्हायला हव्यात. तिथंच या सूपाची सगळी चव आहे. नुसता उकडलेला भोपळा गोड आणि मिळमिळीत लागतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत थोड्या थोड्या फोडी मंद आचेवर परतून घ्या, घाईनं सगळ्या एकदम टाकू नका, नाहीतर त्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात.

दाटपणासाठी क्रीम किंवा मैदा लागत नाही. 150 ग्रॅम मसूर डाळ ताटात पसरून नीट निवडा, कारण डाळीत कधीकधी गव्हाचा किंवा सातूचा, म्हणजे ग्लुटेन असलेला, दाणा सापडतो. मग चांगली धुऊन दीड लिटर पाण्यात बोटभर आल्यासोबत वीसेक मिनिटं मऊ शिजवा. ही डाळ शिजून विरघळते आणि सूपाला क्रीमसारखा मऊपणा देते. शिवाय प्रथिनं पोटात जातात. मधुमेह असलेल्यांसाठी ही सुरुवात चांगली, कारण भाज्या आणि प्रथिनं आधी आणि भात-भाकरी-पाव नंतर खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी उसळते.

भाजलेल्या भोपळ्याची सालं चमच्यानं सोडवा, गर आणि भाजलेला कांदा डाळीत घाला, पाच मिनिटं एकत्र उकळा आणि वाटा. गरम सूप मिक्सरमध्ये वाटताना भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि झाकणावर जाड फडकं दाबून धरा. वाफ कोंडून झाकण उडतं आणि हात भाजतो. मीठ शेवटी, दोन लहान चमचे, चव बघत. प्रौढ माणसानं दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून भांड्यात मीठ बेताचंच ठेवा आणि मिठाची वाटी टेबलावर द्या. मीठ कमी ठेवून चव आणायची असेल तर उतरवताना एका मोठ्या लिंबाचा रस घाला. त्या एका पिळण्यानं सूप जागं होतं.

कांदा-लसूण न खाणारं कोणी असेल तर कांदा सरळ वगळा आणि आलं-मिरी वाढवा. चव वेगळी होते, पण पडत नाही. कांदा-लसणानं फक्त पोट बिघडणारं कोणी असेल, तर आणखी एक युक्ती आहे: लसणीच्या पाकळ्या तेलात मंद तापवून काढून टाका आणि ते तेल वापरा. त्रास देणारा घटक पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. मात्र हे तेल त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवायचं, साठवायचं नाही.

पायरी 5: वाट्या मांडा

आता मजा. साधं सूप सगळ्यांचं, आणि वरून काय ते ज्याचं त्याचं. भोपळ्याच्या भाजलेल्या बिया, बारीक चिरलेली कोथिंबीर, मिरचीचं तेल, लिंबाच्या फोडी, हे सगळ्यांना चालणारं एका बाजूला. घट्ट दही किंवा क्रीम, पावाचे कुरकुरीत तुकडे, भाजलेले बदाम दुसऱ्या बाजूला, मध्ये चांगलं हातभर अंतर ठेवून. प्रत्येक वाटीला स्वतःचा चमचा, आणि चमचा वाटीतच राहील असा लांब दांड्याचा. पावाचा चुरा वाटीबाहेर सांडतोच, म्हणून ती वाटी खोलगट ताटलीत ठेवा.

यादीत दाण्यांची किंवा सुक्यामेव्याची तीव्र ॲलर्जी असलेलं कोणी असेल तर बदामाची वाटी मांडूच नका. एका चवीसाठी एवढी धास्ती कोणालाही नको. बाकी वाट्यांवर हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या लावा: "दही (दूध)", "पाव (गहू)". पाहुण्याला दर वेळी विचारावं लागू नये, एवढ्यासाठीच त्या असतात.

पायरी 6: पाकिटं वाचा आणि जपून ठेवा

माझी चूक इथंच झाली होती. भाज्या कधी फसवत नाहीत, पाकिटातलं फसवतं. स्टॉक क्यूबमध्ये गहू, दुधाची पावडर किंवा सेलरी ही भाजी असू शकते. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. वूस्टर सॉसमध्ये परंपरेनं अँकोव्ही मासे असतात. पार्मेझान चीज बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा घटक, वापरतात, म्हणून ते शाकाहारी नाही. जिलेटिन प्राण्यांपासूनच येतं. तयार मसाल्यांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून कधीकधी पीठ घातलेलं असतं.

अनेक देशांत ॲलर्जीचे मुख्य घटक पाकिटावर ठळक लिहिणं बंधनकारक आहे, पण याद्या सारख्या नाहीत. युरोपीय संघाच्या यादीत 14 घटक आहेत, त्यात मोहरी आणि सेलरीही आहे. अमेरिकेत 9 आहेत आणि तीळ त्यात 1 जानेवारी 2023 पासून आले. म्हणून परदेशातून आणलेल्या बाटलीवर ठळक अक्षरं नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका, पूर्ण यादी वाचा. "ग्लुटेन-फ्री" लिहिलेल्या पदार्थात आंतरराष्ट्रीय मानकानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. आणि "शिजवल्यावर काय उरतंय" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. उकळून किंवा भाजून ग्लुटेन नाहीसं होत नाही.

प्रत्येक पाकीट, रिकामं झालं तरी, एका पिशवीत घालून खणात ठेवा. किंवा मागच्या बाजूचा फोटो काढा.

पायरी 7: ओटा

कणभरही नको म्हणणाऱ्यांचं आधी शिजवा, पीठ-पाव नंतर उघडा. पीठ चाळलं की ते हवेत उडतं आणि बराच वेळ खाली बसत राहतं. लाकडी पाट आणि लाकडी उलथनं चिरांमध्ये पीठ धरून ठेवतात, तेव्हा या सूपासाठी स्टीलचंच वापरा. गाळणी नवी किंवा नीट घासलेली. हात साबण-पाण्यानं धुवा. सॅनिटायझर जंतू मारतो, पण हाताला चिकटलेलं दाण्याचं प्रथिन काढत नाही. चव बघायचा चमचा एकदा तोंडाला लागला की बाजूला, आणि ज्या चमच्यानं दुसरी भाजी ढवळली तो सूपात नको. मदतीला आलेल्या सगळ्यांना हे आधीच सांगा, नाहीतर प्रेमानं धावून आलेली एखादी मावशी वरून चमचाभर लोणी सोडते.

पायरी 8: वेळ

आदल्या दिवशी संध्याकाळी सूप करा. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये घातलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून दोन-तीन उथळ भांड्यांत ओतून गार करा आणि दोन तासांच्या आत 5 अंशांखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी चांगली उकळी येईपर्यंत तापवा आणि वाढेपर्यंत वाफाळतं राहू द्या. 60 अंशांच्या खाली फार वेळ रेंगाळलेल्या अन्नात जंतू वाढतात. डाळीमुळे रात्रीत ते घट्ट होतं, तेव्हा कपभर गरम पाणी हाताशी असू द्या आणि लिंबू पुन्हा चाखून बघा. दही आणि क्रीमच्या वाट्या शेवटच्या क्षणी बाहेर काढा.

वाढायच्या आधी उभं राहून एकदा सगळ्यांना सांगा: "सूपात भोपळा, मसूर डाळ, कांदा, आलं, तेल, मिरी, मीठ, लिंबू आहे. गहू, दूध, अंडं, दाणे, तीळ नाहीत. वाट्यांवर चिठ्ठ्या आहेत." अर्ध्या मिनिटाचं काम. एकेकाच्या कानात जाऊन सांगू नका, त्यानं तो माणूस उगाच वेगळा पडतो. ज्यांना तीव्र ॲलर्जी आहे त्यांचं तातडीचं इंजेक्शन कुठं ठेवलंय हे मात्र जेवणाआधी खाजगीत विचारून ठेवा.

आणि त्यांनी पुन्हा प्रश्न विचारले तर राग मानू नका. मागच्या सणाला वहिनीनं वाडगा हातात घेतला आणि विचारलंच, "मिरपूड कुठली?" मी खण उघडून तिला पाकीट दिलं. तिनं खिडकीच्या उजेडात धरून ते मागून-पुढून वाचलं, परत दिलं, आणि पहिला चमचा तोंडात घातला. नंतर तिनं दुसऱ्यांदा वाडगा पुढे केला तेव्हा भांड्यात जेमतेम पळीभर उरलं होतं. यंदा मी दोन किलो भोपळा घेणार आहे.